‘मला पाठवा’ म्हटल्यानंतर

आमच्या धर्मसंघात परदेशातल्या मिशनवर कुणाला बळेच पाठवत नाहीत. जिला ओढ वाटते त्या सिस्टरने प्रोव्हिन्शियलना, म्हणजे आमच्या प्रांताच्या प्रमुख सिस्टरना, पत्र लिहायचं. मग त्या, त्यांचं सल्लागार मंडळ आणि शेवटी संघाच्या प्रमुख मदर जनरल विचार करतात, प्रार्थना करतात, कधी लगेच कळवतात, कधी वर्षं जातात. पत्राचा ठरावीक नमुना नाही. माझ्या पत्रात यशया संदेष्ट्याचं ‘हा मी आहे, मला पाठव’ हे वाक्य होतं. बहुतेक पत्रांत ते असतंच, आणि असावं. तरुण वयात मनापासून लिहिता येईल असं त्याहून खरं वाक्य मला आजही सापडत नाही. त्यानंतर जे घडत गेलं ते लिहून ठेवावंसं वाटतं. मिशनरी म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं, नव्याने संघात येणाऱ्या मुलींच्या डोळ्यांपुढे दुसरं, आणि प्रत्यक्ष जगणं या दोन्हींहून फार निराळं आहे.

आधी थोडं मागे जाते. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आलं म्हणून कुणी थेट व्रतं घेत नाही. उमेदवारीचा काळ संपला की नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा घडणीचा काळ, सुरू होतं. चर्चच्या कायद्याप्रमाणे ते किमान 12 महिन्यांचं असावं लागतं, तेही त्यासाठी नेमलेल्या घरात. एकूण 3 महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली तर ते वैधच धरत नाहीत. पुढे तात्पुरती व्रतं, किमान 3 वर्षांची, आणि त्यानंतर आजीव व्रतं. मी ज्या वयात आत आले त्या वयात हे सगळं उलटं वाटायचं. दूर जायचं म्हणून आलेल्या मुलींना वर्षभर एका घरात, एका चॅपलमध्ये, त्याच दहाबारा चेहऱ्यांसोबत का ठेवतात? आम्हाला घडवणाऱ्या सिस्टरना, नोव्हिस मिस्ट्रेसना, मी तसं विचारलंही. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सिस्टर, जिला घरात नांदता येत नाही तिला आम्ही पाठवलं तर ती निघून गेलेली असेल. पाठवलेली नसेल.” आणि पुढे त्यांनी मला त्या आठवड्याची झाडलोटीची पाळी वाचून दाखवली.

त्या वर्षात आम्ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचे, दस्तऐवज वाचले. मिशनकार्यावरचा ‘आद जेन्तेस’ हा आदेशपत्रक 7 डिसेंबर 1965 चा. चर्च स्वभावतःच मिशनरी आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे पित्याने पुत्राला पाठवलं, पुत्राने आत्मा पाठवला, आणि त्याच प्रवाहात चर्च उभं आहे. संन्यस्त जीवनावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये लिहिलेलं पत्र तर आणखी जवळचं वाटलं. त्यात म्हटलंय की समर्पित व्यक्ती तिच्या समर्पणामुळेच मिशनवर असते. आधी व्रतं आणि मग मिशन, असे दोन कप्पे नाहीत. वाचताना हे पटलं होतं. अंगात उतरायला पुष्कळ काळ जावा लागला, आणि तो उतरवला माणसांनी.

पत्राचं उत्तर आलं. तूर्त नाही, असं. त्याच पाकिटात नव्या नेमणुकीचा कागद होता: आमच्या वृद्ध आणि आजारी सिस्टरांचं घर. तिथे सेवेला जायचं. मला फार लागलं. मी चॅपलमध्ये जाऊन बसले, पण प्रार्थना सुचेना. आज्ञापालनाचं व्रत घेताना आपण ते मोठ्या प्रसंगांसाठी घेतोय असं वाटत असतं. प्रत्यक्षात ते अशा एका टाइप केलेल्या कागदावर येतं.

त्या घरात एक सिस्टर होत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्या खंडात काढलेली. दवाखाना चालवला, मुलींची शाळा काढली. आता खाट आणि खुर्ची यांच्यामधलं अंतर त्यांना एकटीने कापता येत नव्हतं. स्मरणशक्ती हळूहळू जात होती. सकाळी मी कोण हे त्यांना सांगावं लागे. पण त्यांच्या उशाशी एक वही असे, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, पुठ्ठ्याला दोनदा पट्टी मारलेली. आत फक्त नावं. पानामागून पान, वेगवेगळ्या शाईत. काही नावांपुढे एखादा शब्द: ‘ताप’, ‘नवरा परत आला’, ‘पास’, ‘गेली’. रोज जपमाळेनंतर त्या एक पान काढायच्या आणि बोट ठेवत ठेवत प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. ज्यांची नावं त्या घेत होत्या त्यांतल्या बहुतेकांना त्या आता ओळखू शकल्या नसत्या. मी एकदा विचारलं, “सिस्टर, यांतल्या ख्रिस्ती किती?” त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाल्या, “ते त्या वहीत नाही गं.” खरोखरच ते त्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यांत त्यांची मातृभाषाही जात चालली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना आम्ही म्हणायला लागलो की त्या सोबत म्हणायच्या, पण मिशनच्या भाषेत. आम्हाला त्यातलं काही कळत नसे. लय तेवढी जुळायची. बालपणापासून तोंडात असलेली प्रार्थना मागे पडली होती आणि ज्या लोकांत त्या पाठवल्या गेल्या त्यांची प्रार्थना उरली होती. एखाद्या माणसाने स्वतःला इतकं देऊन टाकावं, हे मी तोवर फक्त संतचरित्रांत वाचलं होतं. ते आता रोज माझ्या हातांनी अंघोळ घालून, केस विंचरून माझ्यासमोर बसत होतं.

बाल येशूची संत तेरेजा मला खऱ्या अर्थाने त्याच घरात भेटली. 1888 मध्ये ती 15 व्या वर्षी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल या बंदिस्त मठात गेली आणि 1897 मध्ये 24 व्या वर्षी तिथेच वारली. मठाबाहेर ती पडलीच नाही. तिला हनोईच्या कार्मेलमध्ये जायचं होतं. पण 1896 च्या पवित्र आठवड्यात खोकताना रक्त पडलं आणि क्षयाने तो रस्ता बंद केला. दोन तरुण मिशनऱ्यांना भाऊ मानून ती पत्रं लिहीत राहिली: एक चीनला गेला, एक आफ्रिकेला. पोप पायस अकरावे यांनी 1927 मध्ये तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनची आश्रयदाती संत घोषित केलं. झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला, पुढे थेट जपानपर्यंत गेला आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, चीनकडे डोळे लावून मरण पावला. एकाने अर्धं जग पायाखाली घातलं, एकीने मठाचं अंगणही ओलांडलं नाही, आणि चर्चने दोघांना एका ओळीत बसवलं. नोव्हिशिएटमध्ये मला हे सोयीचं सांत्वन वाटायचं, न जाऊ शकणाऱ्यांसाठी. त्या वहीशेजारी बसल्यावर कळलं की तेरेजाची ओढ झेवियरइतकीच तापलेली होती. ती शमवायला तिने प्रवासाऐवजी आजारपण आणि पत्रं वापरली.

मग एक दिवस, मी पुन्हा पत्र लिहिलेलं नसताना, बोलावणं आलं.

पाठवणीची मिस्सा, म्हणजे उपासना, साधी असते. वेदीसमोर उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, प्रमुख सिस्टरांच्या, म्हणजे सुपीरियरांच्या, हातून क्रूस घ्यायचा. घरचे रडतात. मीही रडले.

ज्या देशात गेले तिथे ख्रिस्ती माणसं मूठभर. आमचं घर, एक छोटा दवाखाना आणि मुलींचं वसतिगृह. पहिलं वर्ष काम द्यायचं नाही, फक्त भाषा शिकायची, असा आमच्या संघाचा नियम आहे, आणि त्याचं मोल मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. मी शिकलेली बाई, शिकवण्याचा अनुभव असलेली, तिथे लहान मुलांच्या बाकावर बसले. माझे उच्चार दुरुस्त करायला शेजारची आठदहा वर्षांची मुलगी येई. कागदपत्रांसाठी कचेरीत जायचं तर कुणीतरी सोबत लागे. पत्ता विचारायला, औषध मागायला, दुखतंय कुठे ते सांगायला मला दुसऱ्याचं तोंड उसनं घ्यावं लागे. दारिद्र्याचं व्रत म्हणजे साधे कपडे आणि समाईक पैसा, एवढंच मी समजत होते. बोलता न येणं हे कितीतरी खोल दारिद्र्य आहे. तिथे विनोद करता येत नाही, सांत्वन करता येत नाही, आपली हुशारी दाखवता येत नाही. फक्त लोकांच्या चांगुलपणावर टेकून राहता येतं.

त्याच वर्षी मी आजारी पडले. आमच्या घरातल्या दोघी दौऱ्यावर, तिसरी दवाखान्यात अडकलेली. शेजारची बाई आली, तिच्या धर्माची प्रार्थना पुटपुटत माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत रात्रभर बसली. मी तिच्यासाठी तोवर काहीही केलं नव्हतं. करण्यासारखं मला काही येतच नव्हतं.

शार्ल द फुको यांची गोष्ट तेव्हा फार आधार देऊन गेली. फ्रेंच लष्करातला अधिकारी, पुढे धर्मगुरू, 1905 पासून अल्जीरियाच्या वाळवंटात तामानरासेत इथे तुआरेग लोकांत राहिलेला. आतिथ्य आणि सेवा हाच त्याचा बेत. 1908 च्या जानेवारीत तो मरणपंथाला लागला. अवर्षण होतं, खायला काही नव्हतं. तेव्हा तुआरेग लोकांनी आसपासच्या शेळ्यांचं जेवढं मिळेल तेवढं दूध गोळा करून त्याला पाजलं आणि जगवलं. देणारा म्हणून गेलेला माणूस घेणारा झाला. त्यांच्याशी त्याचं नातं त्यानंतर खऱ्या मैत्रीचं झालं असं त्याचे चरित्रकार मानतात, आणि मला ते मनापासून पटतं. 1 डिसेंबर 1916 ला तो गोळी लागून मेला. त्याच्या हयातीत एकही सहकारी त्याच्याजवळ टिकला नव्हता. मागे राहिला तो तुआरेग भाषेचा त्याने अपार कष्टाने केलेला शब्दकोश. 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. मिशनचा हिशेब बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मांडणाऱ्यांनी या माणसासमोर थोडं थांबावं.

आमच्याकडे इतिहासाचंही ओझं आहे आणि ते नाकारण्यात मला प्रामाणिकपणा दिसत नाही. अनेक ठिकाणी मिशनरी साम्राज्यांच्याच जहाजांतून गेले. लोकांची गाणी, वस्त्रं, नावं यांच्याकडे काहींनी तुच्छतेने पाहिलं. पण त्याच चर्चमध्ये दुसरा आवाजही तितकाच जुना आहे. मिशनकार्याची देखरेख करण्यासाठी रोममध्ये 1622 मध्ये स्थापन झालेल्या खात्याने 1659 मध्ये आशियात निघालेल्या धर्माधिकाऱ्यांना लेखी सूचना दिल्या होत्या. धर्म आणि नीतीच्या उघड विरुद्ध नसतील तर लोकांच्या रीतिभाती बदलायला लावू नका. फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेण्याहून वेडगळ काय असेल. त्यांना श्रद्धा द्या, असा त्यांचा आशय होता. हा कागद आम्ही पाळत आलो असतो तर किती जखमा टळल्या असत्या! मराठी माणसाला तर फादर थॉमस स्टीफन्स आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, आमच्या भाषेच्या प्रेमात पडला आणि ओवीछंदात त्याने रचलेलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. परक्या बाकावर बसून पहिले शब्द गिरवताना मी त्याची पुष्कळदा आठवण काढली.

त्या देशात उघड धर्मप्रचाराला कायद्याची मुभा नाही. मग तिथे करायचं तरी काय, असं मला सुट्टीवर आल्यावर नेहमी विचारतात. उत्तर पोप पॉल सहावे यांनी 1975 च्या सुवार्ताप्रसारावरच्या पत्रात देऊन ठेवलं आहे: आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं अधिक ऐकतो, आणि शिक्षकांचं ऐकलंच तर ते साक्षीदार असतात म्हणून. वसतिगृहातली एक मोठी मुलगी एका संध्याकाळी माझ्यासोबत चादरींच्या घड्या घालत होती. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्हाला मुलं नाहीत, पगार नाही, तुमची आई दूर. तुम्हाला इथे कुणी ठेवलंय?” मी म्हटलं, “जो माझ्यावर प्रेम करतो त्याने.” तिने आणखी विचारलं आणि मी आणखी सांगितलं, तिच्या भाषेत, जेवढं येत होतं तेवढं. चादरी संपल्या तरी आम्ही तिथेच उभ्या होतो. पुढे ती शिकली, तिचं लग्न झालं, ती तिच्या धर्मातच आहे आणि मला पत्र लिहिते.

इथे एक गोष्ट मला ठामपणे म्हणायची आहे, कारण अलीकडे आमच्यातल्याच काही जणी ती बोलायला कचरतात. येशू लोकांना कळावा असं मला वाटतं. फार वाटतं. दवाखाना आणि वसतिगृह ही त्यासाठी लावलेली आमिषं नाहीत. ती कुणी कधीच काही विचारलं नाही तरी पूर्ण प्रेमाने चालवायची आहेत. पण सेवा पुरे, नाव कशाला घ्यायचं, हेही मला मान्य नाही. ज्या आनंदावर माझं आयुष्य उभं आहे तो मी विचारणाऱ्यापासून लपवला तर तो खोटेपणा होईल. पहिल्या पेत्राच्या पत्रात सांगितलंय तसं, आपल्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तराला तयार असावं, आणि ते सौम्यपणे, आदराने द्यावं. जबरदस्ती, लालूच, भीती यांतलं काहीही शिरलं की ती सुवार्ता राहत नाही. चर्च ओढून वाढत नाही, आकर्षणाने वाढतं, असं पोप फ्रान्सिस यांनीही 2013 मध्ये लिहिलं.

आमच्या घरात चार देशांच्या सिस्टर. खरं सांगायचं तर परक्या लोकांवर प्रेम करणं मला जमलं, सोबतिणींवर करायला जास्त प्रार्थना लागली. एकीला शांतता हवी, दुसरीला खिडक्या उघड्या, तिसरी मनातलं कधी बोलतच नाही. पण शेजारचे आमच्याकडे बघत असत. एकमेकींशी रक्ताचं नातं नसलेल्या, एक भाषाही नसलेल्या बायका एका छताखाली भांडून पुन्हा एकत्र प्रार्थनेला बसतात, याचं त्यांना आमच्या दवाखान्यापेक्षा अधिक नवल होतं.

एका वर्षी त्या भागात हिंसाचार उसळला. मदर जनरलनी प्रत्येकीला वेगळं विचारलं: राहायचं की निघायचं? कुणाच्याही उत्तराला कमी लेखलं जाणार नाही, असंही लिहिलं. त्या दिवसांत आम्ही अल्जीरियातल्या तिबिरीनच्या ट्रॅपिस्ट, म्हणजे मठात मौन आणि प्रार्थनेत राहणाऱ्या, संन्याशांविषयी वाचत होतो. गावकऱ्यांना सोडून जायचं नाही असं त्यांनी एकत्र ठरवलं होतं. 1996 च्या मार्चमध्ये त्यांच्यापैकी सात जणांचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. 2018 मध्ये ओरान इथे धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झालेल्या अल्जीरियाच्या 19 हुतात्म्यांत ते आहेत, आणि त्यांच्याबरोबर सहा धर्मभगिनीही. आमची एक सिस्टर परत गेली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचा निर्णय योग्य होता. बाकीच्या राहिलो. आमच्या केसालाही धक्का लागला नाही. शेजाऱ्यांनी दाराशी पाळीपाळीने बसून आम्हाला राखलं.

माझी आजीव व्रतं मी तिथेच, त्या भाषेत घेतली.

आणि मग तो टप्पा आला ज्याबद्दल मिशनरी जीवनावर लिहिणारे फारसं लिहीत नाहीत. त्या देशातल्या तरुणी संघात आल्या होत्या, शिकल्या, व्रतस्थ झाल्या. एक दिवस घर त्यांच्या हाती द्यायची वेळ आली. परदेशी सिस्टरांनी निघायचं. मिशनरीचं काम पूर्ण झाल्याची खूण हीच, हे डोक्याला ठाऊक होतं. येशूविषयी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने म्हटलेले शब्द, ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’, मी कितीदा मनन केले असतील. तरीही औषधांच्या कपाटाची किल्ली हातातून सोडताना बोटं आवळली गेली. वर्षानुवर्षं मी लावलेल्या ओळीतच बाटल्या राहाव्यात असं वाटलं.

नव्या सुपीरियर माझ्याहून वयाने पुष्कळ लहान, त्याच मातीतल्या. मी अजून सामान बांधत होते तोवर त्यांनी दवाखान्याची वेळ बदलली, पहाटेची केली, कारण बायकांना कामावर जाण्यापूर्वी येता येतं. इतकी वर्षं आम्हाला ते सुचलं नव्हतं. सायंप्रार्थनेतली स्तोत्रं त्यांनी आमच्या चालीवरून काढून त्यांच्या लोकांच्या चालीवर बसवली. पहिल्या संध्याकाळी मला ती नीट म्हणता येईनात. शेजारी बसलेल्या सिस्टरने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं, मग मी म्हणायला लागले.